याप्य व्याधि आणि आईबाप : काश्यपसंहितेंतील वेदनाध्यायाच्या अनुषंगानें

संस्कृत वैद्यकग्रंथ आपल्याकडे बहुधा दोन प्रकारचे लोक उघडतात. वैद्य औषध शोधण्यासाठीं उघडतात, आणि संशोधक ग्रंथाचा काळ, कर्ता व पाठभेद ठरविण्यासाठीं. या दोहोंहून वेगळा असा एक प्रश्न मनांत धरून आम्हीं हे ग्रंथ गेलीं कित्येक वर्षें वाचले. मूल आजारी आहे, आजार बरा होणारा नाहीं, आणि तरीहि तें मूल आज, उद्यां, कदाचित् आणखी दहा वर्षें घरांत जगणार आहे. अशा मुलाच्या आईबापांस आमच्या शास्त्रानें काय सांगितलें आहे, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाकडे आम्ही केवळ ग्रंथांच्या वाटेनें आलों नाहीं, तें पुढें योग्य ठिकाणीं सांगूं.

या प्रश्नास एक उत्तर तयार आहे, आणि तें शास्त्रास कमीपणा आणणारें आहे. चरकानें सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायांत असें स्पष्ट म्हटलें आहे कीं, असाध्य रोगाची चिकित्सा अंगावर घेणाऱ्या वैद्याच्या धनाची, विद्येची व यशाची हानि होते, आणि निंदा पदरीं येते ती वेगळीच. यावरून प्राचीन वैद्य असाध्य रोग्यास वाऱ्यावर सोडून देत असत, असा निष्कर्ष कित्येक काढतात. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे असें आमचें मत आहे. उरलेलें अर्धें त्याच ग्रंथांत आहे. परंतु तें पाहण्यासाठीं वैद्याचें आसन सोडून रोग्याच्या उशाशीं बसावें लागतें.

प्रथम मुख्य साधनाविषयीं थोडें सांगतों. बालकांच्या भरणपोषणाचें व रोगांचें शास्त्र, म्हणजे कौमारभृत्य, हें आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं एक अंग. चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या ग्रंथांत त्याचीं प्रकरणें आहेत. परंतु सर्वस्वीं या अंगास वाहिलेली अशी जी प्राचीन संहिता आज आपल्या हातीं आहे ती काश्यपसंहिता, अथवा वृद्धजीवकीय तंत्र. नेपाळांतील एका त्रुटित ताडपत्री पोथीवरून राजगुरु हेमराज शर्मा यांनीं ती प्रकाशांत आणली, आणि वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या सहकार्यानें ती १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत छापून प्रसिद्ध झाली. पोथीचीं आरंभींचीं पानें नाहींत, शेवटचीं नाहींत, आणि मधलींहि पुष्कळ गहाळ आहेत. त्यामुळें कांहीं अध्याय मध्येंच सुरू होतात व मध्येंच तुटतात. तथापि जें राहिलें आहे तें मोलाचें आहे. या संप्रदायाच्या प्राचीनत्वास दुसरेंहि एक प्रमाण आहे. १८९० सालीं लेफ्टनंट बॉवर यांस मध्य आशियांतील कुचा येथें जें भूर्जपत्री हस्तलिखित मिळालें, व ज्याचें संपादन डॉ. हॉर्न्ले यांनीं केलें, त्यांतील नावनीतक नांवाच्या भागांत बालरोगांवरील योग काश्यप व जीवक यांच्या नांवांनीं आले आहेत. म्हणजे नेपाळांतील पोथी ज्या परंपरेची, तीच परंपरा हिमालयापलीकडे वाळवंटाच्या कांठापर्यंत पोंचली होती.

ग्रंथाची उत्पत्तिकथा त्यांतील संहिताकल्पाध्यायांत दिली आहे. काश्यपांनीं सांगितलेलें हें महातंत्र ऋचीकाचा पुत्र जीवक यानें ग्रहण करून संक्षिप्त केलें. परंतु जीवक होता पांच वर्षांचा. बालकाचें भाषण म्हणून ऋषींनीं त्याचें अभिनंदन केलें नाहीं. तेव्हां सर्वांदेखत त्यानें कनखल येथें गंगेच्या डोहांत बुडी मारली, आणि मुहूर्तमात्रांत तो अंगावर वळ्या पडलेला व केस पिकलेला असा वर आला. मग ऋषींनीं त्यास वृद्धजीवक असें नांव देऊन त्याचें तंत्र मान्य केलें. पुढें कलियुगांत तें लुप्त झालें असतां अनायास नांवाच्या यक्षानें राखून ठेविलें, व त्याच्यापासून जीवकाच्याच वंशांतील वात्स्यानें तें मिळवून त्यावर संस्कार केला. येथें एक खुलासा अवश्य आहे. बुद्धकालीन जीवक वैद्य, ज्यास पाली परंपरेप्रमाणें राजगृहीं राजपुत्र अभयानें वाढविलें, तो आणि हा ऋचीकपुत्र यांची केवळ नामसाम्यावरून गल्लत करूं नये. कथेस इतिहास म्हणतां येत नाहीं हेंहि खरें. तरी लहान मूल खरें सांगत असतां मोठीं माणसें ऐकत नाहींत, ही गोष्ट बालरोगाच्या ग्रंथानें आपल्या जन्मकथेंतच नोंदून ठेविली आहे, तिकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. पुढील विवेचनांत तिचा उपयोग आहे.

आतां वेदनाध्यायाकडे वळूं. हा अध्याय सूत्रस्थानांत आहे. वृद्धजीवक विचारतो कीं, ज्या बालकांस वाचा नाहीं त्यांच्या अंगांतील वेदना वैद्यानें कशी ओळखावी. उत्तरादाखल काश्यप एकामागून एक रोग घेतात आणि प्रत्येकांत मूल काय करतें तें सांगतात. डोकें दुखत असेल तर मूल डोकें फार हालवितें, डोळे मिटून घेतें, रात्रीं कण्हतें, त्यास अन्न गोड लागत नाहीं व झोंप येत नाहीं. कान दुखत असेल तर हात पुनःपुन्हां कानाकडे नेतें. पोटांत शूळ असेल तर स्तन सोडून देतें, रडतें, उताणें पडतें, पोट ताठरतें, तोंडास घाम येतो. तहान लागली असेल तर दूध पिऊनहि तृप्त होत नाहीं, ओठ व टाळू कोरडीं पडतात. लघवीच्या वेळीं दुःख होत असेल तर अंगावर कांटा येतो, ओठ चावतें व ओटीपोटाशीं हात नेतें. ज्वर येऊं घातला असेल तर अंग वांकवितें, जांभया देतें, आणि अकस्मात् दाईस घट्ट बिलगतें. पडसें असेल तर दूध पितां पितां तोंडानें श्वास घेतें.

अशीं लक्षणें इतर ग्रंथांतहि थोडक्यांत आढळतात. सुश्रुतानें शारीरस्थानांत म्हटलें आहे कीं, ज्या अवयवांत वेदना असेल तेथें मूल वारंवार हात लावतें, आणि दुसऱ्यानें तेथें हात लावला असतां रडतें. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतहि उत्तरस्थानाच्या आरंभीं हाच विचार आहे. परंतु एवढी सविस्तर यादी काश्यपसंहितेखेरीज आम्हांस अन्यत्र दिसली नाहीं.

या यादीचें मर्म काय? वैद्य मुलाजवळ घटकाभर बसतो. मूल रात्रीं कण्हतें, झोंपत नाहीं, पितां पितां स्तन सोडतें, भीतीनें बिलगतें, हें त्यास दिसावें कसें? हें पाहणारी आई, दाई किंवा रात्रीं जागणारा बाप. म्हणजे अध्याय सांगितला आहे वैद्यास, परंतु त्यांतील प्रत्येक वाक्याचा साक्षीदार घरांतील आहे. वैद्याचें ज्ञान येथें आईच्या पाहण्यावर उभें आहे. चरकानें चिकित्सेचे चार पाद सांगितले, वैद्य, औषध, परिचारक व रोगी. आणि परिचारकाचे जे चार गुण सांगितले त्यांत उपचारांचें ज्ञान, दक्षता व शुचिता यांच्या पंक्तीस अनुराग हाहि गुण बसविला. माया ही शुश्रूषेची शोभा नसून तिचें एक अंग आहे, असा याचा अर्थ आम्ही करतों. कारण ज्यास माया नाहीं त्यास मुलाच्या ओठ चावण्याचा अर्थ लागणार नाहीं.

येथें अभिमानानें छाती फुगविण्याचा मोह होतो, तो टाळून एक तुलना मांडतों. पाश्चात्य वैद्यकांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत असा समज बराच रूढ होता कीं, नवजात बालकांस वेदना फारशा जाणवत नाहींत, आणि त्यामुळें कित्येक शस्त्रक्रिया अगदीं अपुरी भूल देऊन केल्या जात. १९८७ च्या सुमारास ऑक्सफर्ड येथें डॉ. के. जे. एस. आनंद व त्यांचे सहकारी यांनीं केलेल्या संशोधनानें या समजास मोठा धक्का दिला. १९९७ सालीं न बोलणाऱ्या मुलांच्या वेदना मोजण्यासाठीं एक श्रेणी प्रसिद्ध झाली. तींत चेहरा, पाय, हालचाल, रडणें व समजूत पटणें या पांच गोष्टी पाहून गुण देतात. वेदनाध्याय वाचलेल्या माणसास ही पद्धति ओळखीची वाटेल. मात्र याचा अर्थ आपल्याकडे सर्व मुलांच्या वेदना ओळखल्या जात व शमविल्या जात, असा नव्हे. ग्रंथांत असणें निराळें आणि घरोघरीं असणें निराळें. ताडपत्रावरील अध्याय नेपाळांतील एका संग्रहांत बंद होता, आणि मुलें सर्वत्र रडत होतीं.

आतां असाध्यतेचा प्रश्न. चरकानें साध्य रोगांचे सुखसाध्य व कृच्छ्रसाध्य असे दोन भाग केले, तसेच असाध्याचेहि दोन केले आहेत: याप्य आणि ज्यावर उपक्रमच नाहीं असा. आरंभीं उल्लेखिलेला आक्षेप घेणारे हा दुसरा विभाग विसरतात. याप्य रोग असाध्यच होय. तो जाणार नाहीं. परंतु आयुष्य शेष असल्यामुळें, आणि पथ्य संभाळल्यामुळें, रोग्यास थोडें सुख मिळतें; मात्र अल्पशा कारणानें रोग पुन्हां उसळतो. असें हें चरकाचें लक्षण आहे. 'थोडें सुख' हा चरकाचा शब्द आम्ही मुद्दाम अधोरेखित करतों. शास्त्रकारानें येथें आरोग्याचें वचन दिलें नाहीं. थोड्या सुखाचें दिलें आहे, आणि तें देण्याजोगें आहे असें मानलें आहे.

सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या तेविसाव्या अध्यायांत याच गोष्टीस एक दृष्टान्त दिला आहे. पडावयास आलेलें घर नीट लावलेल्या टेकूनें जसें उभें राहतें, तसा याप्य रोगी योग्य उपचारानें धरून राहतो. दृष्टान्त साधा आहे, पण ज्यांनीं कोंकणांत किंवा देशावर पावसाळ्याच्या तोंडीं खचलेल्या भिंतीस वासे लावले आहेत त्यांस त्यांतील सगळें कळेल. टेकूनें घर नवें होत नाहीं. टेकू काढून ठेवण्याचा दिवस येत नाहीं. तो रोज पाहावा लागतो, सरकला तर पुन्हां ठोकावा लागतो. आणि त्या घरांत माणसें राहत असतात. तीं तेथें स्वयंपाक करतात, दिवा लावतात, निजतात.

हा टेकू वैद्य लावील, पण रोज पाहणार कोण? ग्रंथ बोलत नसला तरी उत्तर उघड आहे.

लहान मुलांच्या बाबतींत याचें प्रत्यक्ष उदाहरण काश्यपसंहितेच्या चिकित्सास्थानांतील फक्कप्रकरणांत आहे. वर्षाचें होऊनहि जें मूल पायांनीं चालत नाहीं तें फक्क. दुधाच्या दोषानें, आई पुन्हां गरोदर राहिल्यानें, किंवा दुसऱ्या व्याधीनें, असे त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. तिसऱ्या प्रकाराचें वर्णन वाचवत नाहीं: कुले, मांड्या व हात वाळलेले, पोट व डोकें मोठें, खालचें अंग निश्चेष्ट, हातगुडघ्यांवर सरपटणारें, अंगास दुर्गंधि, भोंवतीं माशा, आणि मरण जवळ आलेलें. हें वर्णन करणाऱ्यानें असें मूल पाहिलें होतें याविषयीं आम्हांस शंका वाटत नाहीं. या फक्काचें एखाद्या अर्वाचीन रोगाशीं नांव जुळवून द्यावें असा आग्रह कांहीं लेखक धरतात. तीन निरनिराळ्या कारणांनीं होणारी जी अवस्था ग्रंथकारानें एका नांवाखालीं घातली, ती एकाच आधुनिक रोगाच्या सांच्यांत बसविणें युक्त नाहीं.

आमचें लक्ष वेधलें तें उपचारांतील एका गोष्टीनें. औषधी तूप, दूध, मांसरस व तेलाचें मर्दन सांगून झाल्यावर काश्यप म्हणतात कीं, मुलासाठीं तीन चाकांचा रथ करवावा आणि त्याच्या आधारें त्यास हळूहळू चालण्याचा अभ्यास करवावा. त्याचें नांव फक्करथ. पांगुळगाडा आपल्या घराघरांत आहे, त्याचाच हा पूर्वज. सुताराकडे जाऊन 'असा असा गाडा करून दे' म्हणून सांगणारा बाप या एका वाक्यांत उभा आहे, आणि मागें चालणारी आईहि आहे.

चरकाच्या शारीरस्थानांतील खेळण्यांचा नियमहि येथेंच सांगतों. मुलाचीं खेळणीं रंगीबेरंगी, आवाज करणारीं, सुंदर, हलकीं, टोंकें बोथट असलेलीं, तोंडांत न जाणारीं आणि भीति न वाटणारीं असावीं. मूल रडलें किंवा जेवेनासें झालें तरी राक्षस, पिशाच, पूतना यांचीं नांवें घेऊन त्यास भिववूं नये. आजारी मुलास रोज कडू औषध पाजणाऱ्या घरांत हा नियम पाळणें किती अवघड असतें, हें पाळून पाहिलेल्यांस ठाऊक आहे.

याच संदर्भांत ग्रहांचा विषय येतो. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत स्कंद, स्कंदापस्मार, शकुनि, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका व नैगमेष असे नऊ बालग्रह आहेत. रावणाच्या नांवावर प्रसिद्ध असलेल्या कुमारतंत्रांत मुलाच्या आयुष्याच्या पहिल्या दिवशीं, महिन्यांत किंवा वर्षीं नंदना नांवाची मातृका पछाडते, असा आरंभ करून बारा मातृका व त्यांचे बलि सांगितले आहेत. हें लहानसें तंत्र चक्रदत्तांत अंतर्भूत झालें, तिबेटी भाषेंत गेलें, आणि १९३७ सालीं पॅरिस येथें झां फिलिओझा यांनीं त्याचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. बलिविधींत नदीच्या दोन्ही तीरांची माती आणून पुतळी करणें, पांढरा भात, पांढरीं फुलें, दिवे व ध्वज मांडणें इत्यादि गोष्टी येतात. आज यास अंधश्रद्धा म्हणून सोडून देणें सोपें आहे, आणि औषधाच्या जागीं बलि देऊं नये हें तर निर्विवाद आहे. परंतु इतिहासकारानें एक गोष्ट पाहावी. ज्या बापास वैद्यानें 'आतां उपाय नाहीं' म्हणून सांगितलें, त्यास या विधीनें पहांटे उठून नदीच्या दोन्ही तीरांवर जाण्याचें काम दिलें. हातांस काम नसणें हें त्या घरांतील मोठें दुःख असतें. आमच्या मतें हे ग्रंथ शतकानुशतकें लिहिले व नकलले गेले, याचें एक कारण येथें आहे.

शेवटचा प्रश्न सांगावें कीं न सांगावें हा. चरकानें इंद्रियस्थानाचे बारा अध्याय मरणसूचक लक्षणांस वाहिले, आणि त्याच्या अखेरीस वैद्यास बजावलें कीं, मरण जवळ आलेलें दिसलें तरी कोणी विचारल्याशिवाय तें बोलूं नये. आणि विचारलें तरीहि, बोलण्यानें रोग्यास किंवा दुसऱ्या कोणास आघात होणार असेल तेथें बोलूं नये. विमानस्थानांत शिष्यास द्यावयाच्या उपदेशांतहि हाच नियम आला आहे. रोग्यास आपल्या रोगाची माहिती मिळण्याचा हक्क आहे, असें आजचें वैद्यक मानतें, आणि तें आम्हांसहि मान्य आहे. तरी चरकाच्या नियमांतील 'दुसऱ्या कोणास' या शब्दांकडे लक्ष द्यावें. तो दुसरा कोण? मूल आजारी असतां तो दुसरा म्हणजे आई.

येथें आमच्या घरची हकीकत सांगणें प्राप्त आहे. आमच्या धाकट्या मुलास तो सात वर्षांचा असतां, १९९३ सालीं, स्नायु क्षीण होत जाण्याचा आनुवंशिक रोग असल्याचें निश्चित झालें. निदान एका तज्ज्ञानें केलें तें बिनचूक होतें. परंतु मुलगा शेजारीं खुर्चीवर बसला असतां त्याच्या आयुष्याचा आंकडा त्यानें मोठ्यानें सांगितला. चरकाचा नियम आम्हांस त्या दिवसापूर्वीं पाठ होता. त्याचा अर्थ त्या दिवशीं कळला. अकराव्या वर्षीं त्याचें चालणें थांबलें. फक्करथाची ओळ आम्ही त्यानंतर वाचली, तेव्हां आमच्या ओटीवर चाकांची खुर्ची उभी होती. २००४ सालीं, अठरा वर्षांचा असतां, तो गेला.

त्या बारा वर्षांचें एक लेखी साधन आमच्या घरीं आहे. त्याचें वर्णन इतर कोणत्याहि साधनाप्रमाणेंच करतों. भिंतीवर लावावयाच्या छापील दिनदर्शिका, संख्या बारा. १९९३ पासून २००४ पर्यंत सलग. शेवटचीचीं अखेरचीं पानें कोरीं. अक्षर एका हाताचें, मुलाच्या आईचें. लेखन पेन्सिलीचें, क्वचित् निळ्या शाईचें. मजकूर त्रोटक: जेवला, जेवला नाहीं, उजवी टांच लाल, खोकला, हंसला. १९९८ पासून रोजच्या चौकोनांत बारीक उभ्या रेघा सुरू होतात. रात्रीं जितक्या वेळां त्याची कूस बदलावी लागली तितक्या त्या रेघा. कारण त्यास स्वतः वळतां येत नसे. आरंभीं दोन, तीन. २००१ सालीं चार, पांच. २००३ च्या पावसाळ्यांत सात, आठ. रुग्णालयाचे कागदहि आम्हीं जपून ठेविले आहेत. परंतु रोग कसा पुढें सरकला हें पाहावयाचें असेल तर त्या कागदांपेक्षां या रेघा अधिक विश्वासार्ह आहेत, असें आम्ही साधनांची पारख करण्याची संवय असलेला माणूस म्हणून सांगतों. या दिनदर्शिका म्हणजे एका मुलाचा वेदनाध्याय आहे. तो लिहिणारीस संस्कृत येत नाहीं. आम्हांस येत होतें, आणि पुष्कळ रात्रीं आम्ही निजलेलों होतों.

२००० सालच्या एका चौकोनांत मात्र एकच शब्द आहे: थालीपीठ. त्याचा अर्थ आम्हांस पुष्कळ दिवस लागला नाहीं. तो गेल्यावर चार वर्षांनीं आम्हीं विचारलें तेव्हां कळलें. त्या संध्याकाळीं आम्ही शाळेच्या कामानें बाहेर होतों. चौदा वर्षांच्या मुलानें आईस विचारलें, "आई, मी बरा होणार नाहीं ना?" ती म्हणाली, "नाहीं रे बाळा." मग बराच वेळ कोणी बोललें नाहीं. नंतर तिनें विचारलें, "उद्यां सकाळीं काय करूं तुला?" त्यानें सांगितलें तें तिनें लिहून ठेविलें. विचारल्यावर काय बोलावें, याविषयीं चरकानें वैद्यास नियम दिला. आईस दिला नाहीं. तिला त्याची गरज पडली नाहीं. थोडें सुख म्हणजे काय, याची याहून चांगली टीका आम्हांस कोणत्याहि टीकाकारांत मिळाली नाहीं.

आतां या सर्वाचा संशोधनाशीं संबंध सांगून लेख पुरा करतों. आजारी मुलांच्या उशाशीं आईबाप सर्व काळीं बसले; मग त्यांचीं साधनें कां नाहींत? पेशवाईच्या अभ्यासकांस थेऊर आठवेल. थोरले माधवराव १७७२ सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, राजयक्ष्म्यानें तेथें वारले. त्यांच्या दुखण्याचा उल्लेख पत्रांतून येतो, कारण त्या दुखण्यावर राज्य अवलंबून होतें. त्यांची आई गोपिकाबाई हिनें विश्वासराव १७६१ त, माधवराव १७७२ त व नारायणराव १७७३ त असे तीन मुलगे गमावले. एवढ्या मोठ्या घराची ही गोष्ट. ज्या मुलाच्या दुखण्यावर कोणतेंहि राज्य, इनाम किंवा वतन अवलंबून नव्हतें, त्याविषयीं दप्तरांत कोणी कां लिहावें?

परंतु लिहिलें गेलें नाहीं असें नव्हे. आपल्या वाचकांपैकीं अनेकांच्या संग्रहीं जुन्या घरांतून आलेलीं बाडें आहेत. त्यांत स्तोत्रें, पंचांगाचीं पानें, वाण्याचा हिशेब, बाळंतकाढ्यांचीं व बाळघुटीचीं प्रमाणें, असें सर्व एकत्र असतें. यादी करतांना आपण स्तोत्राचें नांव लिहितों, आणि बाकीच्यावर 'किरकोळ' असा शेरा मारतों. आम्हींहि तीस वर्षें तसेंच केलें. आतां वाटतें कीं, औषधाच्या प्रमाणाशेजारीं कोणी तिथि घातली असेल, एकाच मुलाच्या नांवें तेंच औषध पुनःपुन्हां लिहिलें असेल, समासांत रेघा ओढल्या असतील, तर तें किरकोळ नव्हे. तो टेकू आहे. घर केव्हांच पडलें, पण टेकू कोठें लावला होता हें त्यावरून कळतें.

पश्चिमेकडे अशा मुलांचा व त्यांच्या आईबापांचा स्वतंत्र विचार करणारें पहिलें आश्रयस्थान ऑक्सफर्ड येथें हेलन हाऊस या नांवानें १९८२ सालीं उघडलें. आपल्या मुंबईंत असाध्य रोग्यांसाठीं शांति अवेदना सदन १९८६ सालीं सुरू झालें. म्हणजे संस्था म्हणून हा विचार कालपरवांचा आहे. घर म्हणून तो फार जुना आहे. ग्रंथांनीं त्यास याप्य असें नांव दिलें, एक दृष्टान्त दिला, आणि न बोलणाऱ्या मुलाच्या हालचालींची एक यादी दिली. पुढचें काम रात्रीं जागणाऱ्यांनीं केलें. त्याचा इतिहास त्यांच्याच हातच्या कागदांवरून लिहावा लागेल.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, बाडांतील सुटे चिटोरे वेगळे काढून टाकूं नयेत. कोणता चिटोरा कोणत्या पानांत होता याची नोंद ठेवावी. तिथि, वार, मुलाचें वय व औषध एकत्र आलें असेल तेथें संपूर्ण पानाची नक्कल करावी. आणि समासांतील रेघा व खुणा अर्थ न लागला तरी जशाच्या तशा उतरून घ्याव्या. कोणाच्या संग्रहीं असें कांहीं असल्यास त्याचें वर्णन या त्रैमासिकाकडे पाठवावें. आमच्या घरच्या बारा दिनदर्शिका, त्यांच्या लेखिकेच्या संमतीनें, संशोधकांस पाहण्यासाठीं खुल्या आहेत.